निमंत्रण कुणाच्या नावाने?

सप्टेंबर उजाडला की अंगणवाडीत गाजर-मुळ्याची रांगोळी पडते. २०१८पासून हा ‘राष्ट्रीय पोषण माह’. पाककृती स्पर्धा होते, शेवग्याच्या पाल्याच्या थालीपिठाला पहिला नंबर मिळतो, फोटो वर पाठवला जातो. थालीपीठ पाहुणे खातात.

शिकवतात ते चुकीचं नसतं, उलट नेमकं असतं. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरणाचं नुसतं पाणी पाजू नका. घट्ट वरण-भात कुस्करा, वर चमचाभर तूप किंवा तेल घाला. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही. घराने मनावर घेतलं तर फरक पडतोच.

पण घराने! आपण बोलावतो फक्त सुनेला. बाजार ती करत नाही, पैसे तिच्या हातात नाहीत आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर कढईच्या तळाशी जे उरेल ते तिचं. तिला आपण ताटातले रंग मोजायला शिकवतो. बाजार करणारे मालक पारावर. चहाचं आधण कधी ठेवायचं हे ठरवणाऱ्या सासूबाई घरी. नातवाला रोज पाच रुपयांचा चटकदार पुडा आणणारे आजोबा तर कुठल्याच यादीत नाहीत.

पोषण-शिक्षण ही १९७५पासून अंगणवाडीच्या सहा सेवांपैकी एक. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. खापर एकट्या धड्यांवर फोडता येणार नाही, पण रांगोळीने रक्त वाढत नाही एवढं दिसलं.

सरकारही शेवटी घरातला कर्ता पुरुषच. २०२३च्या अखेरीस शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं देऊ केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये हात आखडता घेतला: अंडं हवं तर लोकवर्गणी काढा! प्रथिनांचं महत्त्व सांगणारी भित्तिपत्रकं मात्र जागच्या जागी.

तेव्हा सेविकाताई, यंदा निमंत्रण सुनेच्या नावाने काढू नका. नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या नावाने काढा. लिंबू, चहा, वरण सगळं त्यांना शिकवा आणि जाताना एकच गृहपाठ द्या: आज रात्री पहिलं ताट तिला वाढायचं.