डोकं नेमकं कुठं दुखतं?

परभणीत डोकं दुखायला लागलं की डॉक्टरच्या आधी निदान करणारे पुष्कळ भेटतात. मे महिन्यात तर काही विचारूच नका. पारा ४५ कडं निघालेला असतो, त्यामुळं ‘ऊन लागलं’ हे निदान फुकटात मिळतं. माझं डोकं मात्र भर थंडीतही दुखायचं. मग पित्त झालं, सायनस झाला, चष्म्याचा नंबर झाला, मेव्हण्याच्या मते दृष्टही झाली. औषध एकच: मेडिकलवरची ‘ती नेहमीची’.

शेवटी जाडजूड फाइल काखेत मारून मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. एमआरआय निघाला की घरात आपल्या दुखण्याला जरा वजन येईल, अशी आशा होती. त्यांनी फाइल बाजूला सारली.

“काय होतंय?”

“डोकं दुखायलंय.”

“एका बाजूला की दोन्ही? ठणकतं की आवळतं? किती तास? जिना चढलं की वाढतं?”

गावभर हेच दुखणं सांगत हिंडलेला मी, आता तोंडातून शब्द फुटेना. बायकोनं सूत्रं हातात घेतली. “डावीकडं ठणकतं यांचं. दिवसभर चालतं. मळमळतं. ट्यूबलाइट बंद करायला लावतात, कुकरच्या शिट्टीवर खेकसतात. मोबाइल तेवढा चालतो.”

डॉक्टर खूश. अर्धशिशी ती हीच म्हणाले. ४ ते ७२ तास चालते, आणि सायनस म्हणून मिरवणारी कितीतरी डोकेदुखी मुळात अर्धशिशीच असते. दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं दुखतं ते ताणाचं. एका डोळ्याभोवती भोसकल्यागत कळ, त्याच डोळ्याला पाणी, माणूस येरझारा घालतोय, तर ते क्लस्टर. मग बीपी पाहिला, मान वाकवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

“एमआरआय?”

“गरज नाही.”

अपमान गिळला.

“गोळ्या महिन्यातून किती दिवस?”

“अधूनमधून.”

“मेडिकलवाला दिवाळीला मिठाई पाठवतो,” बायको म्हणाली.

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर साधी वेदनाशामकं घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. म्हणजे अर्धशिशी माझी, वरचा मजला मेडिकलवाल्याचा.

डोकं अचानक क्षणात फुटायला आलं, तापासोबत मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तर तडक दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दुखू लागलं तरी दाखवून घ्या. एरवी जाताना फाइल विसरली तरी चालेल, बायकोला न्या.