अलाबामाच्या सीमारेषेस, सप्रेम नमस्कार

श्रीमती सीमारेषाबाई, मुक्काम अलाबामा, अमेरिका यांसी
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आपली कीर्ती साता समुद्रांपलीकडे आमच्यापर्यंत पोचली आहे. दिसायला आपण म्हणजे हमरस्त्याकडेची एक स्वागताची पाटी. पण ती ओलांडली की माणसाच्या पिशवीतलं औषध पोलिसांचा मुद्देमाल होऊन बसतं. आमच्याकडच्या एकाही बुवाला अजून ही सिद्धी साधलेली नाही.

२०१६ चा ऑगस्ट आठवत असेलच. तुमच्या हद्दीतलं गॉर्डो नावाचं गाव. इराकच्या लढाईतून मेंदूला मार आणि पर्पल हार्ट पदक घेऊन आलेला एक माजी सैनिक बायकोबरोबर प्रवासात पेट्रोल भरायला थांबला होता. गाडीत गाणं लावलेलं, आणि हा पठ्ठ्या हवेतच गिटार वाजवत होता. पोलीस आले ते गाण्याचा आवाज मोठा म्हणून. यानं भाबडेपणानं सांगून टाकलं, की गाडीत गांजा आहे, ॲरिझोनात रीतसर मंजूर झालेला. तिथं वैद्यकीय गांजाला २०१० मध्ये लोकांनीच मतदानातून मान्यता दिली आहे. पण ॲरिझोनाचं कार्ड तुमच्या दारात दाखवणं म्हणजे लोकलचा पास एसटीच्या कंडक्टरला दाखवण्यातला प्रकार. नवरा-बायको दोघंही आत गेले. हा गांजा 'स्वतःच्या वापरापुरता नव्हे' असं ठरलं, म्हणजे प्रकरण थेट गंभीर गुन्ह्याच्या रकान्यात. आधी प्रोबेशन, मग त्याच्या अटी मोडल्या म्हणून २०२० मध्ये साठ महिन्यांची शिक्षा. गाणं जरा बारीक लावलं असतं तर!

एक शंका विचारतो, राग मानू नये. या माणसाला इराकला धाडलं, तेव्हा आपण कुठं आडव्या होतात? तेव्हा देश एक होता. राज्यं पन्नास झाली ती तो जखमी होऊन परतल्यावर.

सगळं खापर तुमच्याच माथी फोडणार नाही. माजी सैनिकांचं केंद्रीय आरोग्य खातं आहेच तुमच्या जोडीला. त्यांच्या २०१७ च्या आदेशानुसार डॉक्टरनं रुग्णाशी गांजाबद्दल बोलावं, फायलीत नोंद करावी, पण राज्याचा फॉर्म भरून द्यायचा नाही. म्हणजे स्थळ सुचवायचं, पण पत्रिकेला हात लावायचा नाही.

आणि हो, गांजा म्हणजे रामबाण, असंही माझं म्हणणं नाही. ॲरिझोनातच माजी सैनिकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. युद्धाच्या मानसिक आघातावर ओढायचा गांजा दिखाऊ (प्लासिबो) गांजापेक्षा सरस ठरला नाही. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. ते डॉक्टर पाहील, रुग्ण पाहील. पाटीला नाडी कधीपासून कळायला लागली?

तुम्हालाही पाझर फुटला म्हणा. २०२१ मध्ये तुमच्या विधिमंडळानं वैद्यकीय गांजाचा कायदा केला, त्यातल्या आजारांच्या यादीत हा मानसिक आघातही घातला. अभिनंदन. ओढायचा मात्र नाही. गोळ्या, तेल, मलम आणि चघळायच्या वड्या. वड्यांची चव कोणती असावी यावर बराच खल झाला असावा, कारण नियमात एकच चव आहे, पीचची. चव ठरली, पण वडी बनवणार कोण ते ठरेना. २०२३ मध्ये परवाने दिले, रद्द केले, परत दिले, परत रद्द केले, तिसऱ्यांदा दिले, आणि मग सगळी वरात कोर्टात. कायद्याच्या बारशानंतर कित्येक वर्षं रुग्णाच्या हाती ना गोळी आली ना वडी. पीचचा हंगाम तेवढा दरसाल वेळेवर येत राहिला.

कळावे, लोभ असावा. नसला तरी चालेल, मी तुमच्या बाजूनं जात नाही.

आपला,
एक दूरचा वाचक

ता. क. : हे पत्र गाण्याचा आवाज अगदी बारीक करून लिहिलं आहे. न जाणो.