प्रॉक्सीचे अण्णा

आमच्या कॉलेजात इंटरनेटच्या वाटेवर अण्णा बसलेले असत. म्हणजे बसलेला असे तो स्क्विड नावाचा प्रॉक्सी सर्व्हर; अण्णा तो सांभाळत. एकानं उघडलेलं पान साठवून ठेवायचं आणि दुसऱ्यानं मागितलं की घरातलंच वाढायचं, हे त्याचं काम. पण नेट गेलं की पोरं म्हणत, "अण्णा बंद पडले."

२०११ च्या एप्रिलात प्रोसेसरवर स्क्विडचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन बसला तो उतरेना. अण्णांची पद्धत अशी, की आधी गुन्हेगार शोधायचा, कारण नंतर. होस्टेलची टॉरेंटवाली पोरं झाली, व्हायरस झाला, गळका एसीही झाला. दोनदा रीस्टार्ट केलं, तिसऱ्यांदा उदबत्ती लावली. भार दाखवणारी 'टॉप'ची काळी खिडकी उघडून ते तापकऱ्याच्या उशाशी बसावं तसे आकडा बघत बसत. यंत्रात कोअर चार, पण तेव्हाचा स्क्विड मुख्य काम एकाच कोअरवर करी. रस्ता खणताना एक जण घाम गाळतो आणि तिघं फावड्याला टेकून बघतात, हुबेहूब तसं.

शेवटी प्रोजेक्टच्या एका पोरीनं कॉन्फिग उघडली. "सर, ही यादी कसली?"

यादी म्हणजे अण्णांची जन्माची कमाई. जे जे डोळ्यांत खुपलं, ते ते अडवायला रेजेक्सच्या, म्हणजे पत्त्यात अक्षरांचा नमुना शोधणाऱ्या, ओळीत. ओळी चार हजार! पानाच्या आणि पानावरल्या प्रत्येक चित्राच्या पत्त्याला त्या पहिल्यापासून लावून बघायच्या. पत्ता सोज्वळ निघाला तर थेट शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणजे ताटकळायचं ते सज्जनानंच. त्यातून आयपीएलसाठी टाकलेली तीन इंग्रजी अक्षरं 'डिप्लोमा'च्या स्पेलिंगात सापडतात, 'डिसिप्लिन'च्याही. शिस्तपालन समितीचं पान वर्षभर उघडत नव्हतं. तक्रार अर्थात कुणीच केली नव्हती.

"सर, नुसती साइटची नावं आहेत ती डीएसटी-डोमेनमध्ये टाकू. शब्दकोशासारखी पटकन सापडतात. रेजेक्स दहा-बारा पुरे."

अण्णा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी, सगळे गेल्यावर, स्वतःच ओळी हलवल्या आणि रीकॉन्फिगर मारलं. आकडा पंधरावर आला.

"उदबत्तीला वेळ लागतो जरा," सकाळी म्हणाले.

आयपीएलची ओळ मात्र त्यांनी काढू दिली नाही. त्या वर्षी डिप्लोमाचे फॉर्म पोरांनी समोरच्या सायबर कॅफेत भरले. तिथं मॅचही दिसायची.