प्रेमसुनीतांचा अनुवाद : प्राथमिक धडे

मूळ कवी मेलेला निवडावा. इंग्लंडच्या टॉमस वायटने (१५०३–१५४२) इटलीचा पेट्रार्क निवडला. तो १३७४ मध्येच वारलेला, म्हणजे जाब विचारायला येण्याची भीती नाही.

मालक मात्र जिवंत लागतो, शक्यतो तापट. आठव्या हेन्रीच्या दरबारात चाकरी असली की उघड बोलण्याची खोड आपोआप जाते आणि अनुवादाची गोडी लागते. १५२७ मध्ये वकिलातीबरोबर इटलीला जाऊन यावं. वाटेत पवित्र रोमन बादशहाच्या फौजेने धरलं तर कसंही करून सुटावं.

आता मुख्य धडा. पेट्रार्कचं पांढऱ्या हरिणीचं सुनीत घ्यावं. त्यातली हिरवळ, दोन नद्या, सोनेरी शिंगं सरळ कापावीत. मूळ कवी हरिणीकडे देहभान विसरून पाहतो. आपला शिकारी दमलेला, वैतागलेला हवा, आणि एकटा नको. मुळातल्या गळपट्ट्यावर लिहिलंय : हात लावू नका, सीझरने हिला मोकळं केलंय. वायटने 'हात लावू नका' तेवढं ठेवलं आणि हरिणी सीझरच्या मालकीची करून टाकली. सीझर म्हणजे हेन्री, हरिणी म्हणजे त्याची पुढे झालेली राणी अ‍ॅन बोलीन, असं वाचक कधीचे म्हणत आलेत. सिद्ध कोणालाच करता आलेलं नाही. लेकी बोले सुने लागे, आणि इथे तर लेक इटलीची!

शेवटच्या दोन ओळींचं यमक जुळवावं. पुढे शेक्सपियरला उपयोगी पडतं.

हयातीत छापू नये. १५५७ मध्ये मुद्रक टॉटेल वायटच्या बऱ्याच कविता छापेल आणि त्यांच्या खडबडीत लयीला रंधा मारेल. (मला तो खडबडीतपणाच आवडतो.)

एवढं करूनही तुरुंग चुकेलच असं नाही. मे १५३६ मध्ये अ‍ॅनवरच्या व्यभिचाराच्या आरोपात पाच पुरुषांची डोकी उडाली, मग तिचंही. तेव्हा वायटही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता, पण जिवंत बाहेर आला. १५४१ मध्ये पुन्हा आत. या खेपेला कवितेचा संबंध नव्हता. राजदूत म्हणून परदेशात असताना राजाबद्दल तोंडातून गेलेलं एक वाक्य आरोपांत होतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अर्थ फिरतो, असं त्याने कैफियतीत मांडलं. तात्पर्य, जे बोलायचं ते पेट्रार्कच्या तोंडून. स्वतःच्या तोंडून फक्त हवापाणी.

माफी मिळाली. अट अशी की वर्षानुवर्षं टाकलेल्या बायकोला परत नांदवायचं. या बाबतीत पेट्रार्कची काही मदत होत नाही. त्याने लग्नच केलं नव्हतं.