रोहित, दीडशे टक्के

नवी मुंबईतल्या हौशी पक्षीनिरीक्षकाची वेबसाइट हा नगररचनेचा आदर्श नमुना मानायला हरकत नाही. नेरुळच्या डीपीएस तलावावर टिपलेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मूळ फोटोत जरा फिकाच असतो. शेवाळ आणि बारीक कवचधारी खाऊन गुलाबी व्हायला बिचाऱ्याला वर्षं लागतात; वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसला एक ओळ पुरते: सॅच्युरेट, १५० टक्के. मागे टॉवर दिसतोय? चौकट आवळून ऑब्जेक्ट-फिट कव्हर लावा, टॉवर कडेबाहेर. बॉर्डर-रेडियस ५० टक्के केला की पक्षी देव्हाऱ्यातल्या टाकासारखा गोलात बसतो. माऊस नेल्यावर तो मोठाही होतो. तळं होत नाही, पण तो काही सीएसएसचा दोष नव्हे.

एवढी विद्या हौशींपुरतीच का ठेवावी? नगररचनाकारांनीही ती वापरावी. पाणथळीला ‘व्हिजिबिलिटी हिडन’ लावण्याची चूक मात्र कोणी करू नये. वस्तू दिसेनाशी होते, पण जागा अडवून ठेवते. ‘डिस्प्ले नन’ लिहावं. जागा मोकळी होते आणि शेजारचे ठोकळे आपणहून सरकून ती भरतात. पक्षी लागलेच तर उड्डाणपुलाच्या खांबांवर रंगवता येतात, स्थलांतराचा त्रास नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, म्हणजे फोटोओळीही तयार आहेत.

चित्र लोड झालं नाही तर त्या जागी दिसणारा ऑल्ट मजकूरसुद्धा ठरलेला आहे: ‘फ्लेमिंगो सिटी’.

२०२४ मध्ये भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याने डीपीएस तलाव कोरडा पडला होता.