डिसेंबरात येणाऱ्या पावसास

प्रति,
अवकाळी पाऊस,
मुक्काम अरबी समुद्र.

नमस्कार नाही. नमस्कार आम्ही मृगात येणाऱ्याला करतो. त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो आणि तो उशिरा आला तरी त्याला समजून घेतो. तुला कुणी बोलावलं नव्हतं. कार्तिक सरत आला होता. शाळू पोटरीत होता, ऊसतोड जोरात होती, द्राक्षबागा फुलोऱ्यात होत्या आणि सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर पोरं किती तरी महिन्यांनी पुन्हा उभी राहिली होती. नेमका हाच मुहूर्त तू काढलास. १ डिसेंबर २०२१. तुझं पंचांग पक्कं आहे, एवढं मान्य करायला हवं.

कोरोनात बंद पडलेली राज्यातली महाविद्यालयं त्या वर्षी २० ऑक्टोबरला उघडली. तोवर पोरांचे खांदे आखडले होते. काहींची वजनं वाढली होती, काहींनी खेळ सोडून कामं धरली होती. सांगली विजय हजारेंची जन्मभूमी, स्मृती मानधना इथेच वाढली. इथे कुणी बॅट घेऊन उभं राहिलं की लोकांना क्रिकेटच आठवतं. बेसबॉलचा संघ उभा करायचा तर खो-खोतून पळणारा शोधावा लागतो, भालाफेकीतून हात उचलावा लागतो, क्रिकेटच्या निवडीत गळालेल्याची समजूत घालून त्याला आणावं लागतं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेक करणारे. २००८ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने त्यांना करारबद्ध केलं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो, कारण 'सर, यात पुढे काय?' हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी असतो. असा एकेक करून जमवलेला संघ तू दोन दिवसांत उधळलास.

तू काय मोडलंस ते नीट ऐक. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, उभा राहतो त्या जागेला माउंड म्हणतात. मैदानापासून दहा इंच उंच, होम प्लेटपासून साठ फूट सहा इंच. तांबडी माती चाळायची, पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायची, पुन्हा थर टाकायचा. उतार जरा चुकला तरी पिचरच्या गुडघ्यावर आणि कोपरावर ताण येतो. हे काम पोरांनी स्वतःच्या हाताने केलं होतं, कॉलेज सुटल्यावर, अंधार पडेपर्यंत. सकाळी तिथे लाल गाळ होता.

आमचं बाकीचं मैदान कृष्णाकाठच्या काळ्या मातीचं. ही माती पाणी पिते आणि लवकर सोडत नाही. वर कोरडा पापुद्रा धरतो, खाली चिखल तसाच राहतो. ऊन पडलेलं पाहून पोरं पळायला जातात आणि घोटा मुरगळून परत येतात. चेंडू भिजला की त्याच्या आतला लोकरीचा धागा पाणी धरतो, वरचं कातडं निसरडं होतं. एकशे आठ दुहेरी टाक्यांवर बोटं बसवून चेंडू वळवायला शिकवावं, तर बोटांना टाकेच लागत नाहीत. ग्लोव्ह उन्हात वाळवले तर लाकडासारखे कडक होतात. नवे घ्यायचे तर त्या पैशात पोराच्या घरचा महिन्याचा किराणा येतो.

मग तू लाईट घालवलीस. वाऱ्याने फांदी तारेवर आली आणि वसतिगृह अंधारात गेलं. टाकीतलं पाणी संपलं, मोबाईल एकेक करून बंद पडू लागले. त्या थंडीत, भर पावसात खांबावर चढलेल्या वायरमनला मी विसरणार नाही. तुझ्याशी समोरासमोर लढलेला तो एकटा माणूस.

आम्हीही बसून राहिलो नाही. वऱ्हांड्यात एका टॉर्चच्या उजेडात, पिचरचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरने बोटांच्या खुणा करायच्या आणि पिचरने त्या ओळखायच्या. एक बोट, दोन बोटं, मनगटाचा हलका झटका. मोज्यात चिंध्या भरून चेंडू केले आणि भिंतीकडे तोंड करून बॅट फिरवली. नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचलं. कोणत्या परिस्थितीत धावणाऱ्याने बेस सोडायचा, झेल उडाला तर कधी परतायचं, यावर पोरं तावातावाने भांडली. त्या अंधारात हा संघ खरोखर संघ झाला. याचं श्रेय मात्र तुला देणार नाही. ते पोरांचं आहे.

पण रात्र चढत गेली तसे घरचे फोन येऊ लागले, आणि तिथे माझं शिकवणं संपलं.

आमचा कॅचर, तासगाव तालुक्यातल्या बागायतदाराचा मुलगा, फोन येताच घरी गेला. ऑक्टोबर छाटणीची बाग डिसेंबरच्या सुरुवातीला फुलोऱ्यात असते. त्या अवस्थेत घडात पाणी थांबलं की गळ होते, कूज होते आणि पाठोपाठ डावणीची बुरशी येते. पाऊस उघडताच, मिळेल त्या वेळी फवारणी करावीच लागते. पण ट्रॅक्टरच्या टाकीत पाणी भरायचं तर विहिरीवरची मोटर चालायला हवी, आणि लाईट तिथेही नव्हती. बाप आणि मुलगा बादल्यांनी पाणी ओढत होते. आदल्या आठवड्यात याच मुलाने घरच्या बेदाणा शेडची जुनी हिरवी जाळी सरावासाठी आणून दिली होती आणि माउंडवर टाकायला ताडपत्री देतो म्हणाला होता. त्या रात्री त्याने फोन केला, "सर, ताडपत्री घरीच लागली." माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षाचं कर्ज वेलीवर लटकत असताना मी त्याला सरावाला ये म्हणणार होतो का? कितीही कडक प्रशिक्षक असला तरी ते म्हणू शकत नाही, आणि म्हणू नये.

तो एकटा नव्हता. दुसऱ्या एका खेळाडूचे आईवडील ऊसतोडीला आलेले. फडाशेजारच्या त्यांच्या कोपीत पाणी शिरलं, धान्य भिजलं, धाकटी भावंडं रात्रभर ओल्यात बसली. तो पहाटेच निघून गेला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत त्याच दोन दिवसांत तुझ्या गारठ्याने मेंढपाळांच्या मेंढ्या उघड्या रानात मेल्या. त्यांच्यापुढे माझा माउंड काहीच नाही, हे मला कळतं. तरीही तो मी तुझ्या नावावर लिहितोच. गरिबाच्या पोराचा खेळ नेहमी यादीत शेवटी राहतो आणि शेवटचं कुणी मोजत नाही.

तू सराईत आहेस. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा हात धरून आलास, तेव्हा मुंबईत शाळांना सुट्टी द्यावी लागली. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस नाशिकच्या द्राक्षांवर गारा टाकल्यास. आणि तुला आणणारे साथीदारही आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली अभ्यास मांडला. त्यानुसार आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापला, आणि तो माणसांनी तापवला. त्यात आमच्या अंकलखोपसारख्या गावच्या शेतकऱ्याचा वाटा किती आणि ज्यांच्या घराघरांत, गाड्यांत, कारखान्यांत इंधन जळतं त्यांचा किती, हे उघड आहे. शिक्षा मात्र सगळी इकडे.

म्हणून तुझ्याशी आणखी बोलण्यात अर्थ नाही. तू पुन्हा येणार, हे धरूनच आता चालायला हवं. पुढचं सगळं माणसांसाठी आहे.

कॉलेज चालवणाऱ्यांनो, मैदानाभोवती चर खणायला आणि इनफिल्डवर मुरूम टाकायला दिवाळीच्या सुट्टीइतका चांगला काळ नाही. चांगल्या जाड ताडपत्रीचा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा कमी येतो. तालुक्याला एक पत्र्याचं, चारी बाजूंनी जाळी लावलेलं शेड असेल तर खो-खो, कबड्डी, बेसबॉल, सगळ्यांचा डिसेंबर वाचेल. शासनाने द्राक्षबागेवरच्या प्लास्टिक आच्छादनाला भरघोस अनुदान द्यावं. बाग झाकली गेली तर बागायतदाराचं पोर मैदानावर येऊ शकेल. मैदानाची आणि बागेची, या दोन मागण्या मला वेगळ्या वाटत नाहीत.

आणि सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवाल्यांनो, व्यापाऱ्यांनो, तुमचा हंगाम जानेवारीनंतर सुरू होतो. डिसेंबरात तुमचं एखादं शेड किंवा गोदाम रिकामं असेल, तर जवळच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाला एक फोन करा. पोरं झाडून, पुसून, होतं तसं परत देतील.

बेसबॉल संघाचा प्रशिक्षक,
विश्रामबाग, सांगली