चार मीटरचा अभ्यासक्रम

पुण्यात बसून मोटार उद्योगाचं अर्थशास्त्र शिकवणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्श्यावर व्याख्यान देणं. समोरच्या निम्म्या पोरांच्या घरी तो रोज शिजत असतो. कुणाचे वडील चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीत, कुणाचा मामा पिंपरीत पेंट शॉपला, कुणाच्या काकांनी भोसरीत गाळा घेऊन दोन सीएनसी मशिनं टाकलेली. आणि यांना उद्योग समजावून सांगणार कोण, तर ज्याने जन्मात कधी स्वतःच्या हाताने स्टेपनी बदललेली नाही तो मी.

विषय मात्र मीच मागून घेतला होता. नव्या शैक्षणिक धोरणात ऐच्छिक विषयांची खिरापत वाटणं सुरू झालं तेव्हा विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "मोटारी? मुलं येतील का?" मुलं आली. काहींची समजूत होती की या विषयात गाडी चालवायला मिळते. ती दूर केल्यावरही बहुतेक जण टिकले, कारण त्याच वेळेला असलेल्या दुसऱ्या विषयाचं नाव 'संशोधन पद्धती' होतं.

सुरुवात अर्थातच हेन्री फोर्डपासून. १९०८ साली मॉडेल टी आली तेव्हा तिची किंमत साडेआठशे डॉलर. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरती लाइन आली आणि जी चासी जुळवायला साडेबारा तास लागत ती दीड-पावणेदोन तासांत उभी राहू लागली. पुढच्या दशकात किंमत तीनशे डॉलरच्या खाली उतरली. फळ्यावर हा आलेख काढताना मला नेहमी फार बरं वाटतं. अर्थशास्त्रात इतकी आज्ञाधारक रेघ क्वचितच भेटते.

मग येतात ते प्रसिद्ध पाच डॉलर. लाइनवरच्या एकसुरी कामाला कंटाळून माणसं इतकी सोडून जात की एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला तीन-चार जण घ्यावे लागत. म्हणून १९१४ च्या जानेवारीत फोर्डने रोजची मजुरी जवळजवळ दुप्पट करून पाच डॉलर केली. इथे मी आवाज जरा चढवून 'कार्यक्षमता वेतना'चा सिद्धांत मांडतो. जास्त पगार हा खर्च नसून गुंतवणूक असते, वगैरे. मागच्या बाकावरून हात वर आला. "सर, आमच्याकडे यावर वेगळा उपाय आहे. कंत्राटी घेतात. गेला तर दुसरा येतो." वर्ग हसला. मीही हसलो, पण सिद्धांत फळ्यावर तसाच लटकत राहिला आणि तासाची घंटा होईपर्यंत त्याला खाली उतरवणं मला जमलं नाही.

टोयोटाच्या वेळी तर याहून गंमत झाली. ताइची ओहनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटवरून धडा घेतला: फळीवरून जेवढा माल उचलला जाईल तेवढाच मागून भरायचा. कारखान्यात साठा म्हणून करायचाच नाही, सुटा भाग नेमका लागेल तेव्हा लाइनवर यायला हवा. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण अतिशय स्वच्छ, धूळविरहित आहे. एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, पप्पांचा फोन रात्री अडीचला वाजतो. ट्रक चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला असतो आणि तिकडे लाइन थांबायची वेळ आलेली असते." त्यानंतर तिने जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात इतकं नीट वाचल्याचं मला आठवत नाही. मोठ्या कंपनीचा साठा शून्य होतो म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो व्हेंडरच्या शेडमध्ये जाऊन बसतो, नाहीतर ट्रकमध्ये बसून सिग्नल सुटायची वाट बघतो. त्याचं व्याज पप्पा भरतात, रस्ता मात्र आपण सगळे मिळून भरतो. तिला मी अंतर्गत मूल्यमापनात पूर्ण गुण दिले. पप्पांनाही द्यायला हवे होते, पण विद्यापीठाच्या पोर्टलवर तशी सोय नाही.

भारताचा जुना काळ मी झटपट उरकतो, कारण पोरांचा त्यावर विश्वासच बसत नाही. आकुर्डीची चेतक हवी तर आधी नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं थांबायचं, हे ऐकून त्यांना वाटतं सर रंगवून सांगतायत. "मग कंपनीनं जास्त स्कूटरी का नाही बनवल्या?" हा प्रश्न दरवर्षी येतो. किती बनवायच्या हे सरकारचा परवाना ठरवत असे, हे उत्तर दिलं की वर्गात शांतता पसरते. किंमत आणि वाटप यांवरही सरकारी लगाम होता. ज्यांना थांबायचं नसे ते 'ऑन' देऊन घेत, म्हणजे टंचाईचा नफा कारखान्याऐवजी ज्याचा नंबर आधी लागला त्याच्या खिशात जाई.

नॅनोला मात्र मी भरपूर वेळ देतो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत ती एक लाखाची म्हणून जाहीर झाली. एकच वायपर, चाकाला तीनच नट, मागे दोन सिलिंडरचं इंजिन. काटकसरीचा यापेक्षा बुद्धिमान नमुना शोधूनही सापडायचा नाही, आणि त्यामागचं बरंचसं डोकं आपल्या पुण्यातलंच. सिंगूरचा कारखाना साणंदला हलवावा लागला, त्यात वेळ गेला, हे खरं. पण २०१८ मध्ये उत्पादन थांबलं त्याचं मोठं कारण माझ्या मते सिंगूर नव्हतं. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी फोर्डला १९२० च्या दशकात जिथे गाठलं तिथेच नॅनो सापडली. स्लोन यांनी प्रत्येक ऐपतीला वेगळी गाडी ठेवली, दरवर्षी नवं रूप दिलं, हप्त्याची सोय केली. स्वस्त गाडी लोकांना हवी असते, पण 'सर्वांत स्वस्त' ही पाटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणालाच लावायची नसते. घरच्या गाडीचा खरा खर्च काढा, असा गृहपाठ मी देतो. व्याज, विमा, सर्व्हिसिंग, घसारा, सगळं धरून. एकाने फार मेहनतीने दाखवलं की त्याच्या घरच्यांना रिक्षा कितीतरी स्वस्त पडेल. वडिलांनी वही नीट वाचली, पाठ थोपटली आणि पुढच्याच आठवड्यात एसयूव्ही बुक केली. शोरूममधल्या पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या चावीसकट काढलेला फोटो मला व्हॉट्सॲपवर आला.

शेवटचं प्रकरण मोजपट्टीचं. मुलांना टेप देऊन प्राध्यापकांच्या पार्किंगमध्ये सोडतो. वॉचमनमामांनी एकदा हटकलं, "काय मोजताय रे?" तर कुणीतरी म्हणालं, "अर्थसंकल्प, मामा!" उत्तर अगदी बरोबर होतं. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि देशातल्या डिक्क्या आखडू लागल्या. २००८ मध्ये इंडिगोची शेपूट छाटून सीएस आली, २०१२ मध्ये डिझायरची छाटली गेली. डिझायर, ब्रेझा, व्हेन्यू, टेप कुठेही लावा, लांबी ३,९९५ मिलिमीटर. तीन निरनिराळ्या गाड्या, पण पाच मिलिमीटरची सावधगिरी तिघींची सारखीच. ही लांबी कुणा चित्रकाराला स्वप्नात दिसलेली नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा मी धास्तावलो होतो. छोटी गाडी १८ टक्क्यांवर आली, मोठी ४० वर गेली, उपकर गेला. चार मीटरची अट मात्र जागची हलली नाही. त्यामुळे माझ्या नोट्सची शेवटची पानं याही वर्षी तशीच चालतील, फक्त टक्के तेवढे खोडून घ्यायचे.